सातव्या गावाची वेस

शाळेत देखाव्यासाठी देशांच्या चिठ्ठ्या काढल्या, आणि वैशालीच्या चिठ्ठीत निघालं पोलंड! बाकीच्यांना जपान, इजिप्त, आणि हिला पोलंडमधला एक खेडवळ तालुका, वोल्नित्सा. वडिलांनी, आप्पांनी, तर स्वच्छ सांगून टाकलं होतं, शाळेच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला तरच अकरावी, नाहीतर घरी बसून साड्यांचे धागे कापायचे. मग काय, पर्वत पाटियाच्या चाळीतल्या एका खोलीत पोलंड पसरलं.

फळीवर चिकणमाती थापून सपाट शेतं केली, निळ्या कागदाची नदी आणि चाळीशेजारच्या लूमवरच्या टाकाऊ हिरव्या सुताचं जंगल. काडेपेट्यांच्या घरांची सहा गावं. सातव्याची जागा मोकळी, कारण सरांनी दिलेल्या पुस्तकात होतं, की युद्धातल्या एका हिवाळ्यात ते गाव रिकामं झालं. शेजारचे लोक पोचले तेव्हा दारं सताड उघडी, चुली पेटलेल्या आणि माणूस एकही नाही.

"आठे मोकयं काबरं वं?" मायने विचारलं.

"तिथं कोणी राहत नाही गं."

"गावनी जागा कोनी मोकयी ठेवस का?" मायने एका खड्याला शेंदूर फासला आणि मोकळ्या जागेच्या कडेला, वेशीवर, दाबून बसवला. "येसवर मारोती बसना, आते गाव नांदी."

पोलंडात मारुती! वैशाली हसून हसून लोळली. सरांना दिसायच्या आत काढावा म्हणून तिने खडा ओढून पाहिला. निघेना.

दुसऱ्या दिवशी माती गार लागली. ऑक्टोबरचा उकाडा, आणि माती माठासारखी गार. मग नदीच्या कागदावर पांढुरका पापुद्रा धरला. मग मोकळ्या जागेत चौकोनी उंचवटे आले, खालून कोणी बोट लावल्यासारखे.

"आप्पा, हे तुम्ही केलं?"

"मला दुसरे धंदे नाहीत का?" आप्पांनी हात लावला आणि झटकन काढला. "बर्फ ठेवलाय का यात?"

फेकून द्यावं असं एकदा मनात आलं तिच्या. पण दिसत किती झकास होतं!

प्रदर्शनात सर वाकून बघत राहिले. "सातवं गाव रिकामं होतं ना?"

"परत वसलं, सर," वैशालीने ठोकून दिलं.

पहिला नंबर!

रिक्षात फळी मांडीवर घेऊन ती चाळीत आली. लूमची खडखड नव्हती. वीज बंद असते ती पॉवरची सुट्टीही आज नव्हती.

सगळी दारं उघडी. प्लेगच्या साली लोक गावी पळाले तेव्हा चाळ अशीच रिकामी झाली होती. पण तेव्हा दारांना कुलपं होती.

घरात स्टोव्ह पेटलेला. तवा तापलेला. परातीत भाकरी अर्धी थापलेली.

"आप्पा! पहिला नंबर आला!"

तिने मोरीत डोकावून पाहिलं.

तिने फळी ओट्यावर ठेवली. सातव्या गावात उंचवट्यांची एक नवी रांग होती. लांबट, चाळीसारखी. एकातून बारीक धूर निघत होता.

वास ज्वारी-उडदाच्या, मायच्या हातच्या कळण्याच्या भाकरीचा.

ती वाकली.

"उनी का वं वैशू?" आतून, फार लांबून, माय म्हणाली. "ये ना. आठे बी शाळा शे."