पान कापायचा पत्रा

निपाणीच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, तंबाखूच्या वखारीला टेकून उभी केलेली दहा बाय आठची खोली. वखारीत माल हलवायला लागले की गिऱ्हाईक आधी शिंकायचं आणि मग तक्रार सांगायचं. धंद्यात माझा नियम एकच होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर बिघाड कशानं गेला ते कळत नाही, आणि न कळता गेलेला बिघाड न सांगता परत येतो. अंगात येणं, बाहेरचं, करणी, यांतलं आम्ही काही मानत नव्हतो. आमच्या घरात ते छप्पन्न साली, बौद्ध झालो तेव्हाच संपलं होतं.

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर, एका मंगळवारी, आप्पाण्णा दुकानात आला. बोरगावच्या तंबाखू व्यापाऱ्याचा हा मुलगा शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. गिटार वाजवायचा, म्हणून घरच्यांच्या हिशेबी वाया गेलेला. त्याच्या हातात तपकिरीचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, आणि डब्याला पायानं दाबायचं बटण. इंग्रजी मासिकातली आकृती बघून त्यानं घरीच पेडल बनवलं होतं. बटण दाबलं की गिटारचा साफ सूर करवतीसारखा घोगरा व्हावा, अशी त्याची अपेक्षा. पण बटण दाबताच सूर बाजूलाच राहायचा आणि नुसती शिट्टी सुरू व्हायची, कान किटवणारी.

"देवाप्पा, शनवारी बेळगावात प्रोग्राम हाय. ह्ये चाललं तर ऑर्केस्ट्रावालं मला ठेवून घेत्यात. न्हायतर बाबा वखारीत बसवत्यात बघ."

"सोल्डरिंग कुणी केलंय? गवऱ्या थापल्यात मर्दा."

मी सगळे सांधे नव्यानं जोडले. बॅटरी बदलली. शिट्टी तशीच. मग लक्षात आलं, आत जाणारी तार आणि बाहेर येणारी तार अगदी लगट करून बसल्या होत्या. बाहेरचा वाढलेला आवाज पुन्हा आत शिरत होता. दोघींच्या मध्ये पत्र्याचा आडोसा हवा होता. मी खण उघडला. वर आईचा पान कापायचा पत्रा होता, अगदी हव्या त्या मापाचा.

आई, सुलाबाई, तीस वर्षं विड्या वळायची. तेंदूच्या पानावर हा पत्रा ठेवायची आणि त्याच्या कडेनं कात्री फिरवायची. एका बाजूला तिच्या अंगठ्यानं खळगा पडला होता. ती तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशात गाठ निघाली, मिरजेला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं तेवढी कामी आली. हवं नको ती पाटीवर लिहायची. विड्या सुटल्या आणि पत्रा माझ्या खणात आला.

सगळ्या गावाचे टेपरेकॉर्डर मी दुरुस्त केले, पण आईचा आवाज एकदाही टेप केला नाही. कोऱ्या कॅसेटी समोरच्या फळीवर असायच्या. आई रोज दुपारी भाकरी घेऊन यायची, तासभर बडबडायची, आणि मी मान खाली घालून "हं, हं" करत असायचो. याची लाज मला आजही वाटते.

पत्रा बसवला आणि शिट्टी थांबली. आप्पाण्णानं तार छेडली. वखारीतले हमाल बघायला आले, इतका झकास घोगरा सूर निघाला. पाच वाजता तो उठला. ही जैन मंडळी दिवस मावळायच्या आत जेवणार. एकदा नीट तपासून दोन दिवसांत देतो, असं मी त्याला सांगितलं.

तो गेल्यावर मी गिटारची वायर काढून पेडल नुसतं चालू ठेवलं. ॲम्प्लिफायरमधून खरखर येत होती. खरखरीच्या खाली एक बाई गुणगुणत होती.

मला नवल वाटलं नाही. असली सर्किटं कधीकधी रेडिओ केंद्र पकडतात. बुधवारी ते अडवायला मी एक छोटा कंडेन्सर जोडला. वहीत लिहिलं, 'फरक नाही.' फळीवरचा रेडिओ लावून सांगलीपासून धारवाडपर्यंत काटा फिरवला. ती बाई कुठल्याच केंद्रावर नव्हती. शेवटी पेडलची बॅटरी काढली.

गुणगुणणं चालूच राहिलं.

'बॅटरी काढली. फरक नाही,' असं मी लिहिलं, आणि लिहिलेलं बराच वेळ बघत बसलो. तेवढ्यात गुणगुणणं थांबलं.

"देवा, जेवलास काय रं?"

मी स्टुलावरून उठलो तो भिंतीला टेकलो. खोटं कशाला सांगू, भीती नंतर आली. आधी रडू आलं. "जेवलो" असं मी म्हणालोसुद्धा.

गुरुवारी मी पुन्हा नियमाला धरून बसलो. आईचा पत्रा काढला, तेलाच्या डब्याचा तुकडा बसवला. शिट्टी नाही, बाई नाही, पेडल उत्तम. आईचा पत्रा परत बसवला. बाई परत आली. मग दुसऱ्या फळकुटावर हुबेहूब तसंच सर्किट जोडून त्यात आईचा पत्रा घातला. ते मुकंच. आवाज होता तो त्या पत्र्याचा आणि त्या डब्याचा मिळूनच. तुकडा बदलून पेडल द्यायचं, दहा मिनिटांचं काम. त्या दहा मिनिटांत आई दुसऱ्यांदा मुकी होणार होती, आणि या वेळी माझ्या हातानं.

दुपारी आप्पाण्णा डोकावला. "झालं काय?"

"न्हाय. अजून जरा घरघर हाय. उद्या चारला ये."

"बघ हां. तुझ्याच जिवावर बेळगावला हो म्हणून बसलोय."

शाळेपासूनच्या मित्राशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. तो गेला आणि डबा म्हणाला, "वरचं बटण लाव रं. थंडी पडलीया." मी खाली बघितलं. सदऱ्याचं वरचं बटण उघडं होतं.

त्या दुपारी मी टेपरेकॉर्डर समोर ठेवून अर्धा तास टेप केला. कॅसेट उलटी फिरवून ऐकली. त्यात माझाच आवाज होता. मध्ये थांबून थांबून "व्हय आई", "बरं आई" म्हणणारा. बाकी सगळी खरखर.

शेवटी ठरवलं. पेडल आप्पाण्णाचं, ते त्याला मिळालं पाहिजे. पण त्याआधी आईला तिचा आवाज एकदा ऐकवायचा.

शुक्रवारी दोन वाजता तिला घेऊन आलो. कशाला, ते सांगितलं नाही. सांगणार तरी काय? तिला स्टुलावर बसवलं, दार लोटून घेतलं. तिनं पाटीवर लिहिलं, 'काय हाय?'

"ऐक नुसतं," मी म्हणालो, आणि बटण दाबलं.

खरखर. मग तेच गुणगुणणं.

आईचा हात गळ्यावर गेला. जखमेच्या वणावर बोटं ठेवून ती ऐकत राहिली. डोळे भरून आले, पण चेहरा हसत होता. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना बघितलं नव्हतं. तिचे ओठ हलायला लागले. तिला ते सूर पाठ होते. मला वाटलं, झालं, माझ्या चुकीची एवढी तरी भरपाई झाली.

"आई, तूच हाईस न्हवं ती?"

तिनं जोरानं मान हलवली. व्हय.

आणि लाईट गेली.

पंखा थांबला. ॲम्प्लिफायरचा तांबडा दिवा विझला. खरखर बंद झाली.

गुणगुणणं बंद झालं नाही. खरखर गेल्यामुळं ते आता साफ ऐकू येत होतं, कुणी शेजारी बसून गावं तसं.

मग ते थांबलं.

"देवा, कुणाला आणलंयस रं?"

आईचे ओठ हलायचे थांबले.

मी म्हणालो, "आई हाय."

आईनं माझी बाही घट्ट धरली होती.

"कुणाची आई?" आवाज मायेनं म्हणाला. दारात आलेल्या कुठल्याही परक्या बाईबद्दल आई अशीच बोलायची. "लई दमलेली दिसतीया बिचारी. तिला आधी च्या दे, जा."

आईनं माझी बाही सोडली. डोक्यावरचा पदर पुढं ओढला, आणि लोकाच्या घरी आल्यागत अंग चोरून स्टुलाच्या कडेला सरकून बसली.