अपेक्षित निकाल

गुंजनच्या टेबलाखाली दोन प्लग होते. एक इन्व्हर्टरचा, तिच्या लॅपटॉपसाठी. दुसरा थेट लाइनचा, जुन्या कॉम्प्युटरसाठी. त्या कॉम्प्युटरचं काम एवढंच, की लाइट गेली की मरायचं.

हिंगोलीत मोंढ्यामागच्या, म्हणजे हळदीच्या बाजारामागच्या, घरातल्या त्या खोलीतून ती बंगळुरूच्या एका कंपनीचं काम करायची. कंपनी दवाखान्यातल्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवे, आणि गुंजनकडे फाइल सिस्टीमच्या चाचण्या होत्या. फाइल सिस्टीम म्हणजे डिस्कवर काय कुठे ठेवलंय ते लक्षात ठेवणारा भाग. एकदा दुरुस्त केलेली चूक पुढच्या एखाद्या बदलात पुन्हा डोकं वर काढते. म्हणून प्रत्येक जुन्या चुकीमागे एक चाचणी, आणि चाचणीशेजारी तिचा अपेक्षित निकाल लिहून ठेवलेला. जुळला तर हिरवं, नाही तर लाल.

सगळ्यात जुनी चाचणी तिनं आणि नचिकेतदादानं मिळून लिहिली होती, दोघं याच कंपनीत असताना. चार फाइली लिहायच्या, डिस्ककडून 'पक्कं लिहिलं' असं वदवून घ्यायचं आणि वीज जाण्याची वाट बघायची. परत आल्यावर चारही फाइली जागेवर हव्यात. नावं दादानं घरातलीच दिली होती: वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, विष्णुपंत, आत्याचं विजया, आणि दोघांची नचिकेत, गुंजन. आईनं तिचं नाव घालू दिलं नव्हतं.

"घरातलं माणूस हरवलं तर नीट शोधशील तरी," तो म्हणाला होता.

ही चाचणी तिच्याच मशीनवर चाले. बंगळुरूत वीज कधी जातच नसे. "तुमच्याकडे फुकटात होतं की," असं तिचा वरिष्ठ प्रेमानंद हसून म्हणायचा.

पुढे दादा जर्मनीला गेला. आई वारली तेव्हा तिकडे रिलीजचा, नवी आवृत्ती बाहेर काढायचा आठवडा होता, आणि तो तेराव्यालाही पोचला नाही. तेव्हापासून अण्णांसमोर त्याचं नाव काढायची सोय नव्हती. कुणी चुकून काढलंच तर ताट सरकवून ते उठत. आणि आता इतक्या वर्षांनी त्याचा फोन आला होता.

"रविवारी येऊन राहिलो. अण्णांशी मीच बोलतो. तू फक्त घरी थांब."

विजयाआत्यानं गुपचूप बेसनाचे लाडू वळून डबा भरून ठेवला.

मंगळवारी दुपारी लाइट गेली. आली तेव्हा खिडकीतून हळदीचा पिवळा धुरळा आत आला होता, आणि पडद्यावर लाल होतं. तीन फाइली होत्या. नचिकेत नव्हती.

तिनं डिस्क उघडून तपासली. अर्धवट लिहिलेली फाइल खुणा सोडते, पुसलेलीही सोडते. इथं काहीच नव्हतं. डिस्कनं मात्र 'पक्कं लिहिलं' असं सांगितलेलं नोंदीत स्वच्छ दिसत होतं. बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

"जुनी डिस्क आहे ती, गुंजन," प्रेमानंद फोनवर म्हणाला. "उद्या रिलीज. तुझं काँट्रॅक्टही वाढवायला उद्याच वर जातंय. लाल घेऊन जाऊ का मी?"

"सर, लिहिलेली फाइल जातेय. दवाखान्यात कुणाचा रिपोर्ट असा गेला तर?"

"रिलीजनंतर शोध ना. आत्ता अपेक्षित निकालात तीनच ठेव. लिही, ही फाइल यादीत चुकून होती."

घर तिच्याच पगारावर चालत होतं. तिनं नाव काढलं आणि त्याखाली लिहिलं: 'ही फाइल यादीत चुकून होती.'

शुक्रवारी दुपारी लाइट गेली, आली. हिरवं.

संध्याकाळी तिनं आत्याला हळूच विचारलं, "रविवारी दादाला आणायला स्टेशनवर जाऊ का?"

"कुठला दादा गं?"

अण्णा तिथेच झोपाळ्यावर होते. आत्या सांभाळून घेतेय, असं तिला वाटलं. स्वयंपाकघरात तिनं पुन्हा विषय काढला. "अगं, आता सांग. हे लाडू कुणासाठी केलेस?"

"कुणासाठी म्हणजे? मलाच खावेसे वाटले. आता म्हाताऱ्या माणसाचे लाडू मोजून राहिलीस का?"

खोटं बोलताना आत्याचे कान लाल होत. ते लाल झाले नव्हते.

गुंजन बाहेर आली आणि अण्णांसमोर उभी राहून मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, नचिकेत येणारे."

ती त्यांच्या रागाची वाट बघत राहिली.

अण्णांनी पेपर खाली केला. "येऊ दे की. ऑफिसातला आहे का तुझ्या? जेवायलाच बोलव."

त्या आवाजात राग नव्हता. जुना, कडू, ओळखीचा राग कुठेच नव्हता. तिनं आत जाऊन फोन उचलला.

दादाचा नंबर लागेना. भिंतीवरच्या फोटोत आईशेजारी आता ती एकटीच होती. चाचणीत आजवर कुणी काय बदललं त्याचा इतिहास तिनं मुळापर्यंत वाचला. पहिल्या दिवसापासून फाइली तीनच. लिहिणारी एकटी गुंजन. तिनं काल केलेला बदलसुद्धा तिथं नव्हता.

शनिवारी तिनं चाचणीत आणि अपेक्षित निकालात नचिकेतचं नाव परत घातलं. चार नावं. ती दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. लाइट गेली नाही.

रविवारी दुपारी गेली.

पंखा थांबला. एसटी डेपोवरचा भोंगा ऐकू यायला लागला. आत्याला हाक मारावी असं गुंजनला वाटलं, पण तिनं मारली नाही.

लाइट आली. जुना कॉम्प्युटर घरघरत उठला.

हिरवं.

तिनं यादी उघडली. विजया. विष्णुपंत. नचिकेत.

त्याच वेळी बाहेर फाटक वाजलं. ओसरीवर बॅग टेकवल्याचा आवाज आला.

"आलास?" अण्णांचा आवाज होता. "गाडीला उशीर झाला का रे?"

ती हसली. डोळे पुसून उठणार, तेवढ्यात तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली.

नावं तीनच होती.

तीन, आणि हिरवं.

तिनं शेवटचा बदल उघडला. गुरुवारची तारीख. अपेक्षित निकालातून एक नाव काढलेलं. बदल करणारा: नचिकेत.

खाली एक ओळ होती. 'ही फाइल यादीत चुकून होती.'

"दादा!" ती ओरडली.

ओसरीवरची पावलं तिच्या खोलीकडे वळली.

"आत्या," नचिकेतचा आवाज आला. जपून, अगदी हळू. "त्या खोलीत कोण आहे?"

"कोणी नाही रे," आत्या म्हणाली. लाडवांच्या डब्याचं झाकण वाजलं. "लाइट आली ना, पंखा फिरून राहिला."