जसं निघालं, तसं जोडलं

सरका जरा. शटरकडे पाठ करून बसू नका. वारा लागतो, दुसरं काही नाही.

गोष्ट आपल्या गॅरेजवाल्या मिस्त्रीची. कानावर पेन्सिल, तोंडात मोजके शब्द. तीस वर्षं माझ्या दुकानातून बेअरिंग नेतोय. गेल्या वर्षी सतरा नोव्हेंबरला, सोमवारी, दिवेलागणीला तो ऑइल सील न्यायला आला. त्याच्या मेहुण्याने लष्कराचा सत्तर वर्षांचा ट्रक भंगारातून उचलला होता. हौस मेहुण्याची आणि हमाली दाजींची! गिअरबॉक्स मिस्त्रीने दात्यादात्याने नवा केला होता.

"शेठ, गिअर टाकायच्या दोन दांड्यांच्या मधलं एक भोक रिकामं निघालं," तो सहज बोलून गेला.

मी खुर्चीतून उठलोच. त्या भोकात बोटाच्या पेराएवढी पिन असते. एक गिअर पडला की ती दुसऱ्याला अडवते. ती नसेल तर कधीतरी दोन गिअर एकदम पडतात आणि गाडी जागच्या जागी खिळते. ना पुढे, ना मागे.

"ही घे. फुकट. पण घाल."

"जसं निघालं तसं जोडायचं, शेठ. माझा बाप ह्या नियमावर जगला."

"आणि ह्या ट्रकचा ड्रायव्हर ह्या पिनेवाचून मेला." भंगारवाल्याने मला सांगितलं होतं तेच मी त्याला ऐकवलं. घाटात गिअरबॉक्स बिघडला. ड्रायव्हरने वाटेतच खोलून जोडला. पुढच्याच वळणावर गाडी खिळली आणि वरून दरड आली. तिसऱ्या दिवशी केबिन उकरली तेव्हा माणूस सीटवरच होता, उजवी मूठ आवळलेली. ती मूठ कुणालाच उघडता आली नाही. तशीच गेली त्याच्याबरोबर.

मिस्त्री हसला. "पार्ट खपवायला काय काय सांगता तुम्ही!"

"अरे शहाण्या, फुकटच्या पार्टला कोण गोष्ट जोडतं?"

पिन त्याने खिशात टाकली. मन राखायला. घालायला नव्हे.

त्याच रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ट्रक गॅरेजच्या खड्ड्यावर उभा, तोंड भिंतीकडे. खड्ड्यातून चढायला मागच्या टोकाला चार पायऱ्या, बाकी तिन्ही बाजूंनी नुसती भिंत. थंडी बोचत होती म्हणून मिस्त्रीने शटर अर्धं ओढलेलं. मेहुणा जेवायला घरी गेला होता. मिस्त्रीने इंजिन चालू केलं, गिअर न्यूट्रलला ठेवला आणि खाली खड्ड्यात उतरला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, मूठ कानाला लावली. असंच ऐकतो तो. दाते गोड बोलत होते. स्वारी खूश झाली.

खट्ट.

गाडी दोन हात मागे सरकली आणि थांबली. मागचा एक्सल बरोबर पायऱ्यांच्या डोक्यावर आला.

"मेहुण्या! मस्करी पुरे झाली हं. ब्रेक दाब."

मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हर खालच्या पत्र्यावर आपटला.

"अरे, दाजी खाली आहे तुझा!"

तेवढ्यात फळीवर ठेवलेला फोन वाजला. मेहुण्याचीच रिंग. घरून.

मिस्त्रीने हळूच वर बघितलं. क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नाही. म्हणजे वर... पाय होता.

खट्ट.

दुसराही पडला. पहिला निघालाच नव्हता. आता दहा माणसं आली असती तरी ती गाडी तसूभर हलली नसती.

त्याने पायऱ्यांकडून घुसून पाहिलं. डोकं गेलं, खांदा अडला. दोन्ही बाजूंना टाकी आणि लोखंडी पेट्या इतक्या खाली की मांजर अडेल. इंजिन पार पुढे, हात पोचत नव्हता. आणि धूर... धूर जड असतो. खड्ड्यात उतरतो, साचतो. वरचा पाय एकदा क्लचवरून उठला असता तर इंजिन बंद पडलं असतं. पाय उठत नव्हता.

फोन वाजून वाजून गप्प झाला.

मिस्त्री खोकत खाली बसला. तिथे धूर जास्तच होता. परत उठला.

मग वरून आवाज आला. ठक... ठक... कुणीतरी केबिनचं दार ठोकत होतं.

आतून.

तोही अडकला होता.

मिस्त्रीचा हात आपोआप खिशावर गेला. पिन होती. गिअरबॉक्सच्या बाजूला एक बूच असतं, तिथून ती आत घालता येते. पाना दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बूच निघालं. पण दांड्या न्यूट्रलला आल्याशिवाय पिन आत जात नाही. आणि दांड्या वरच्याच्या हातात.

"दादा..." तो म्हणाला. जन्मात कुणाच्या पाया न पडलेला माणूस. "दादा, न्यूट्रलला घ्या. पिन आणलीय. घालतो मी..."

ठोकणं थांबलं.

...

खट्ट.

...

खट्ट.

पिन आत गेली. बूच आवळलं. गाडी पुढे सरकली. हळू, सांभाळून, खाली माणूस आहे हे माहीत असलेल्या ड्रायव्हरने घ्यावी तशी. मग इंजिन आपोआप बंद झालं.

मिस्त्री चार पायांवर बाहेर आला आणि शटरखालून थेट रस्त्यावर.

उजाडल्यावर मेहुण्याला पुढे घालूनच तो परत गेला. केबिनची दोन्ही दारं घट्ट बंद. सीटवर एक पिन.

"हे काय दाजी, घालायलाच विसरलात की!"

मिस्त्रीने बूच खोललं. माझी पिन आत होती, नवी कोरी. सीटवरची गंजकी, झिजलेली. त्याने ती उचलली आणि झटकन दुसऱ्या हातात घेतली. रात्रभर थंडीत पडलेलं लोखंड... कोमट होतं. नुकतंच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखं.

ती पिन त्याने मला आणून दिली. वर्ष होत आलं, ह्याच ड्रॉवरमध्ये आहे. ए, तू पुढे ये. बाकीच्या पार्टना हात लावून बघ, बर्फ आहे नुसता. आता ही घे.

नाही नाही, मूठ मिटू नकोस. उघड्या तळव्यावरच धर...

सांग बरं, थंड लागते?