हात घालून पाहा

ताक घेऊन निघाला होता पांडुरंग, बाकी काही नाही. नागपंचमीच्या आदल्या रात्री आखाड्याच्या मातीत ताक, हळद अन् तेल कालवाचं असते. ते काम दरसाल त्याचंच. आमचं शहर नव्या राज्याची राजधानी होऊन दुसरी नागपंचमी होती ती. तेलीबांध्याकडे नवे नवे बंगले उठून राहिले होते अन् पुरानी बस्तीतला आमचा आखाडा मात्र तसाच, टिनाच्या शेडखाली. मी ब्राह्मणपाऱ्यात पांडुरंगाच्या शेजारी राहाचो. त्यानं स्वतः मले सांगतलं, म्हणून तुमाले सांगून राहिलो.

हसू नको, पियुष. तू मॅटवर खेळणारा पहिलवान. तुमच्याकडे घड्याळ असते, पॉइंट असतात. मातीत घड्याळ नसते. दोन्ही खांदे मातीले टेकले तर चीत, नाही तर कुस्ती चालूच, मंग अंधार पडला तरी. शंका आली तर पंचानं खांद्याखाली हात घालून पाहाचं. हात गेला म्हणजे चीत नाही. भोसल्यायच्या शिपायायनं हा आखाडा खोदला म्हणतात, तेव्हापासूनचा हा कायदा.

अन् पंच असून पांडुरंगानं तोच मोडला. आदल्या सालच्या दंगलीत, म्हणजे नागपंचमीच्या कुस्त्यायत.

लहानू म्हणून एक पोट्टा होता, राइस मिलमध्ये पोते उचले. त्याची कुस्ती मंचावरच्या मोठ्या पाहुण्याच्या पुतण्यासंग लागली. लय वेळ चालली. पाहुणा सारखा मनगट पाहे, बाहेर त्याची गाडी चालू करून ठेवलेली. लहानू खाली सापडला. उजवा खांदा टेकला होता, डावा वरच. खालूनच म्हणाला, "भाऊ, हात घालून पाहा." पांडुरंगानं पाहुण्याच्या तोंडाकडे पाहिलं अन् शिट्टी वाजवली. चीत.

लाच खाल्ली असती तर एक वेळ समजलो असतो. पाहुण्याले उशीर होते म्हणून! माझं डोकं आजही फिरते. तो पोट्टा लोकायकडे पाठ करून उभा राहिला, माती एकाच खांद्याले लागली हे दाखवाले. कोणी पाहिलं नाही. सारे पुतण्याले हार घालाच्या रांगेत. लहानू पुन्हा कुस्तीच्या हौद्यात उतरला नाही. हिवाळ्यात कावीळ झाली अन् गेला. जाईपर्यंत एकच म्हणे, मी चीत नव्हतो.

तर त्या रात्री चांद केव्हाच मावळला होता. पांडुरंग शेडमध्ये शिरला अन् लाइट गेली. त्यानं ताकाचा डबा खाली ठेवला, चप्पल काढली, मातीच्या पाया पडून हौद्यात उतरला.

कोणी तरी फावडं मारून राहिलं होतं.

त्याले वाटलं, राखणदार हिरालाल असंल. हाक मारली. फावडं थांबलं.

अंधारातून एक हात पुढं आला. ओंजळभर माती घेऊन.

कुस्तीच्या आधी पहिलवान एकमेकायले माती देतात, ठाऊक आहे ना? घेतली म्हणजे कुस्ती कबूल. पांडुरंगाची उमर आखाड्यात गेलेली. त्याचा हात आपोआप पुढं गेला.

घेतली.

माती ओली होती. ताक तर... अजून डब्यातच होतं.

मंग पाय सुटले. पाठीवर पडला. छातीवर वजन. तोंड दिसे ना. श्वास घेता ये ना. उजवा खांदा टेकला. डावा...

डावा टेकेना. खालून कोणी धरला होता.

"भाऊ... झाली का कुस्ती?"

पांडुरंगानं अंग झटकून पाहिलं.

"झाली का?"

...

किती वेळ म्हणतं, पियुष? पुन्हा घड्याळच! मातीत घड्याळ नसते, सांगतलं ना तुले.

शेवटी त्याच्या तोंडून निघालं, "नाही. चीत नाही." अन् वजन उठलं. लाइट आली. हौद्यात तो एकटाच.

दुसऱ्या दिवशी दंगलीत त्यानं माइक घेतला. म्हणाला, मागच्या सालची कुस्ती चीत नव्हती, लहानू हरला नाही. तोच पाहुणा मंचावर बसला होता. कोणीतरी माइकचं बटन बंद केलं अन् पुढची जोडी सोडली. मेलेल्या पोट्ट्यासाठी एक वाक्य ऐकाले कोणाजवळ वेळ नव्हता.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो अन् त्याच्यावरच भडकलो. म्हटलं, जिता होता तेव्हा दोन बोटं घातली नाही त्याच्या खांद्याखाली, अन् आता भुताच्या गोष्टी करतं?

त्याच्या बायकोनं, विनोदिनी वहिनीनं, आतून त्याचा त्या रातचा पांढरा सदरा आणला. दोनदा धुतला म्हणाली. माझ्या मांडीवर उलटा पसरला. उजव्या खांद्याची माती साफ निघाली होती.

डाव्या खांद्यावर, पाठीकडून, लाल मातीचा पंजा होता. पाची बोटं. मनगटापर्यंत... खांद्याखाली गेलेला.