बेटावरचा गुलाबी धूर

"आधी मी बघणार," संस्कृती म्हणाली.

"पण ताईंनी मला सांगितलंय." शहबाजनं स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीवरचा हात काढला नाही. "ती मलाच नीट लावता येते, असं ताई म्हणतात."

संस्कृतीनं ओठ घट्ट मिटले. सुट्टी लागल्यापासून हेच चाललं होतं. ताई म्हणतात, ताईंना विचारू, ताई येऊ देत.

मागच्या मे महिन्यापर्यंत उजनी धरणाच्या काठच्या त्यांच्या गावात पोरांची म्होरकी संस्कृतीच होती. पाणी ओसरलं की कुठल्या डबक्यात मासे अडकतात, कुठल्या बाभळीवर होल्याचं घरटं आहे, हे सगळे तिलाच विचारायचे. यंदा बारामतीजवळच्या जळोचीची प्रतिक्षाताई आली. ती तिथल्याच कॉलेजातून नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडली होती. एका निसर्गसंस्थेची फेलोशिप तिला मिळाली होती. वर्षभर पाण्याकाठी राहायचं आणि गावातल्या मुलांना पक्षी, मासे, पाणी यांची ओळख करून द्यायची, हे तिचं काम. ती छान बोलायची, छान हसायची आणि कुणावर चिडायची नाही. त्याचाच संस्कृतीला जास्त राग यायचा. परवा तर आईसुद्धा म्हणाली होती, "त्या पोरीकडनं जरा शिक काहीतरी."

"बेट रिकामं दिसतंय," शहबाज दुर्बिणीत बघत म्हणाला. "सुरय कुठं गेले?"

आता मात्र संस्कृतीनं त्याला बाजूला सारलंच. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या त्या वाळूच्या बेटावर दर उन्हाळ्यात नदीसुरय अंडी घालायचे. करड्या पाठीचे, पिवळ्या चोचीचे पक्षी. घरटं नाहीच, वाळूत नुसता खळगा. परवापर्यंत बेट त्यांनी गजबजलेलं होतं. आज जेमतेम चार-पाच जोड्या दिसत होत्या.

दुपारी वनरक्षक नावेनं बेटावर जाऊन आले. पुष्कळ अंडी पायाखाली चिरडली होती आणि वाळूत बुटांचे ठसे होते.

ही बातमी आली तेव्हा पारावर सरपंच द्वारकाबाई बसल्या होत्या, आणि संस्कृतीचे मोहनकाकाही. गावात मोठी नाव त्यांचीच.

"मी म्हणत न्हवतो?" काका म्हणाले. "ती बारामतीची पोरगी रोज पोरं घिऊन पाण्यावर फिरती. तिच्याबिगर कोण जाणार तितं?"

प्रतिक्षाताईचा चेहरा उतरला. "आम्ही लांबूनच बघतो. बेटावर पाय ठेवायचा नाही, हा माझा पहिला नियम आहे."

"आज संध्याकाळी जुन्या देवळापाशी बसू," द्वारकाबाई म्हणाल्या. "वनरक्षकबी येत्याल. पोरी, तुझी चूक निघाली तर तुज्या संस्थेला कळवावं लागंल. मग तुला हितं ठिवता यायचं न्हाय."

संस्कृती गर्दीत मागं उभी होती. ताई जाणार. पुन्हा सगळं पहिल्यासारखं होणार. तिला आतून गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. आपण गप्प राहिलो तर बास, दुसरं काहीच करायला नको.

वाटेत शहबाजनं तिला गाठलं. "ताईंनी आपल्याला कधीच बेटावर उतरू दिलं नाही. तुला माहीत आहे. तू का नाही बोललीस?"

"तू बोलायचंस. तूच त्यांचा लाडका ना?"

"मी बोललो. माझं कुणी ऐकलं नाही. मोहनकाका तुझे आहेत, तुझं ऐकलं असतं." तो थोडा वेळ तिच्याकडं बघत राहिला आणि निघून गेला.

संस्कृती काठावर जाऊन बसली. गुदगुल्या केव्हाच थांबल्या होत्या. शहबाज पहिलीपासूनचा तिचा मित्र. आजवर त्यानं तिच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ युवराज चिखलातून पळत आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याची एक जाड नळकांडी होती. "दीदी, फटाका सापडला. हे बघ, हात गुलाबी झाला."

संस्कृतीनं नळकांडी हुंगली. जळका वास होता, पण फटाक्याचा नव्हे. मामेबहिणीच्या लग्नाआधीच्या फोटोंत नवरा-नवरीमागं असाच रंगीत धूर होता.

ती उठली आणि युवराजला घेऊन पळतच शहबाजच्या घरी गेली. "भांडण नंतर," ती म्हणाली. "आधी चल."

नळकांडी मिळाली तिथून गाडीच्या चाकांच्या खुणा वेड्या बाभळींच्या दाटीत गेल्या होत्या. तिघं वाकून आत शिरले आणि जागीच थबकले. पलीकडं एक पांढरी गाडी उभी होती. शेजारी लांबलचक गुलाबी झगा सावरत एक मुलगी आणि कोटात घामाघूम झालेला एक मुलगा उभा होता. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस फोनवर बोलत होता.

"व्हय मोहनराव, दीपक बोलतोय. परवासारखंच बेटावर जायचं. धूर सोडला की पक्षी कसे भर्रकन उडतात. या लवकर नाव घेऊन."

मोहनराव म्हणजे तिचे मोहनकाकाच. शहबाजनं तिच्याकडं बघितलं. काका तिला सायकल शिकवणारे, जत्रेत खांद्यावर बसवणारे. त्यांचं नाव तिनं सांगायचं, तेही ताईसाठी?

लांब पाण्यावर काकांची नाव दिसायला लागली. उरलेली अंडीही आज गेली असती.

"तुम्ही इथंच थांबा," ती कुजबुजली आणि सरळ बाहेर गेली.

"दादा, फोटो काढताय? बेटावर नका जाऊ. नुसतं ऊन तोंडावर येतं. त्यापेक्षा जुनं देऊळ बघा ना. वर्षभर पाण्यात असतं, आत्ताच वर आलंय. मागं पाणी आणि संध्याकाळचा उजेड. ह्या ताईंचा झगा तिथं काय दिसेल."

"पाण्यातनं वर आलेलं देऊळ?" नवरीचे डोळे चमकले. "मला तिथंच जायचंय."

दीपकनं पुन्हा फोन लावला. "मोहनराव, नाव देवळाकडंच आणा. तिथले फोटो झाले की बेटावर जाऊ."

देवळापाशी अर्धा गाव जमला होता. द्वारकाबाई दगडी पायरीवर बसल्या होत्या, शेजारी वनरक्षक. प्रतिक्षाताई खाली मान घालून उभी होती. गाडीतून उतरलेलं जोडपं बघून सगळे चकित झाले.

"ह्यांना देवळाचे फोटो काढायचेत, आजी," संस्कृती म्हणाली. मग ती दीपककडं वळली. "दादा, आमच्या सरपंच आहेत ह्या. त्यांना तुमचे परवाचे फोटो दाखवा ना."

दीपक खुलला. त्यानं मोबाइल द्वारकाबाईंपुढं धरला. "बघा, हे आमचं परवाचं काम. पक्षी कसे आलेत एका फ्रेममध्ये."

वनरक्षकही वाकले. फोटोत बेट होतं, गुलाबी धूर होता, वर भेदरलेले सुरय होते, आणि नाचणाऱ्या दुसऱ्याच एका जोडप्याच्या बुटांखाली ती वाळू.

"लई झ्याक," द्वारकाबाई सावकाश म्हणाल्या. "कुणी न्हेलं तुमाला तितं?"

"मोहनरावांनी. हे काय, आलेच ते."

मोहनकाका नाव लावून उतरले आणि सगळ्यांच्या नजरा बघून तिथंच उभे राहिले.

"पक्षी परत येत्यात की, आक्का," ते पुटपुटले. "मला काय ठावं, पायाखाली अंडी हायती म्हणून."

"ठावं न्हवतं, ते समजलं. पर बोट त्या पोरीकडं का दावलंस?"

दीपकचे फोटो वनरक्षकांनी मागून घेतले आणि पंचनाम्यासाठी त्याला तिथंच बसवून ठेवलं. नवरी झगा गोळा करून गाडीत जाऊन बसली. तिला रडू फुटलं होतं. अंडी चिरडतील, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पावसाळा येईपर्यंत काकांची नाव बेटाकडं जाणार नाही, असं ठरलं. प्रतिक्षाताई गावातच राहणार, हेही.

द्वारकाबाईंनी संस्कृतीला जवळ ओढलं. "चुलत्याचं नाव न घेता खरं भाइर काढलंस. आमा म्हाताऱ्यांना जमलं नसतं."

लोक पांगले. काका जाताना तिच्यापाशी थांबले. ती बोलणी खायला तयार होती, पण त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं काठावर जमली. बेटावर उरलेल्या सुरयांमधली एक मादी खळग्यावर जरा कलली आणि तिच्या पोटाखालून वाळूच्या रंगाचं एक पिल्लू बाहेर आलं.

"ताई, पिल्लू," शहबाज ओरडला आणि दुर्बिणीपासून बाजूला झाला. "या, आधी तुम्ही बघा."

संस्कृतीच्या पोटात पुन्हा थोडं दुखलंच. ते एका दिवसात कुठं जाणार होतं?

"आधी संस्कृती," ताई म्हणाली.

संस्कृतीनं डोळा लावला. पिल्लू धडपडत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं. कितीतरी वेळ ती बघत राहिली. मग ती सरकली, पण पुरती नाही. अर्धीच जागा करून दिली.

"या ना, ताई," ती म्हणाली. "दोघी आळीपाळीनं बघू."