लाल फितीचं पिल्लू

"तीन वाजून पाच!" अर्णव ओरडला. "चारला ते कर्वेनगरचे लोक पिल्लू न्यायला येणार. पंचावन्न मिनिटं उरली!"

"हळू बोल ना! मामा जागा होईल," राजनंदिनीने डोळे वटारले.

"दुपारी एक ते चार आपला मामा? बाहेर रणगाडा आला तरी उठायचा नाही!"

तिसरी होती सृष्टी. ती हसली नाही. हसलं की गाल ओढला जायचा. त्या गालावर अकरा टाक्यांचा व्रण होता.

राजनंदिनी आणि अर्णव ही मावसभावंडं मे महिन्याच्या सुट्टीत खराडीला आजोळी आली होती. शेतं गेली, तिथे आयटी पार्कचे काचेचे मनोरे उभे राहिले. उरलेल्या पट्टीवर विक्रममामाने पत्र्याची शेड टाकून जर्मन शेफर्ड कुत्र्यांची पैदास सुरू केली होती. सृष्टी समोरच्याच सोसायटीत राहायची. तिच्या घरचे दोन वर्षांपूर्वी वाशीमहून इथे आले होते.

तीन आठवड्यांपूर्वी लिफ्टमध्ये बादल नावाचा कुत्रा सृष्टीला चावला. तो मामाकडचाच होता, पैदाशीसाठी ठेवलेल्या सुलतान या कुत्र्याचा मुलगा. 'पोरीनेच शेपूट ओढलं असणार,' असं सगळ्या सोसायटीने ठरवून टाकलं. बाबांनीसुद्धा तिला दोनदा विचारलं, "खरं सांग, छेडलं होतंस का त्याला?"

"मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते," सृष्टी आता म्हणाली. "लिफ्टचं दार धाडकन आपटलं. तो एकदम मागे सरकला, कोपऱ्यात. मी वळले आणि..." तिने गालावर बोट ठेवलं.

"मागे सरकला?" राजनंदिनीने विचारलं. "म्हणजे आधी घाबरला?"

"कुत्र्याला विचारायला वेळ नव्हता गं."

राजनंदिनी विचारात पडली. सकाळपासून तिला एक गोष्ट खटकत होती. सुलतानचं जेवणाचं भांडं मामाने काठीने आत ढकललं होतं! जाळीच्या आत पाऊलही टाकलं नव्हतं. आणि मग फोनवर मात्र तो कर्वेनगरवाल्यांना सांगत होता, "सुलतान म्हणजे घरात अगदी कोकरू हो!"

त्यानंतर मामाने पिल्लांची परीक्षा घेतली होती. सुलतानचीच पाच पिल्लं, सात आठवड्यांची. त्यांच्या डोक्यावर पितळी परात धरून मामाने डावाने ठणकन वाजवली. चार पिल्लं दचकून बाजूला झाली. पाचवं गुरगुरत परातीवरच धावलं!

"हे बघा, तेज!" मामाने ते उचललं आणि त्याच्या गळ्यात लाल फीत बांधली. "बापावर गेलंय. बाकीची मऊ आहेत, देऊन टाकू कोणालातरी."

ते 'तेज' पिल्लू आता ज्या घरी चाललं होतं, तिथे आठ महिन्यांचं रांगणारं बाळ होतं.

शेडच्या सावलीत मामाचे वडील, गेनबा आजोबा, बाजेवर बसले होते. राजनंदिनी त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"आजोबा, परात वाजवून कुत्रा कसा कळतो हो?"

"परात माझीच रीत हाय, पोरी. मळ्यात राखनीला कुत्रं ठेवायचो ना, तवाची. पन तुज्या मामानं निम्मीच उचलली."

"निम्मी?"

"वाजवायची, मंग परात तितंच ठिवायची आन् गप बसायचं. दचकू दे की! दचकतंय समदंच. पन कोन परत येऊन परात हुंगतंय, त्ये बघायचं. त्येच खरं कुत्रं. भ्यालेलं बी अंगावर येतंय, लई भुकतंय. आन् भ्यालेलं कवा चावंल, त्याचा नेम न्हाई."

"मग मामाला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं की! त्यो मोबाइलवर बघून शिकतोय. म्हाताऱ्याला कोन इच्यारतंय?"

"मग आधी सुलतानलाच बघू," राजनंदिनी म्हणाली. अर्णवने परात आणली. राजनंदिनीने सुलतानच्या जाळीची कडी दोनदा ओढून पाहिली आणि सगळ्यांना चार पावलं मागे उभं केलं. अर्णवने परात फरशीवर टाकली.

ठण्ण!

सुलतान जाळीवर आदळला! दात, लाळ, भुंकणं! अर्णव नकळत मागे सरला.

"शेपूट बघा," सृष्टी कुजबुजली.

शेपूट पोटाखाली गेलं होतं. भुंकत भुंकतच तो मागे हटला. मागच्या भिंतीला टेकला, तिथेही थरथरत भुंकत राहिला. एक मिनिट. तीन मिनिटं. सात.

"हा राजा नाही गं," अर्णवचा आवाज पार उतरला होता. "हा सतत घाबरलेला असतो."

"बादलसुद्धा असाच कोपऱ्यात गेला होता," सृष्टी म्हणाली.

इतक्यात फाटकाशी हॉर्न वाजला. ते लोक वीस मिनिटं आधीच आले होते! मामा डोळे चोळत, शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

"या, या! हेमाताई ना? पिल्लू तयारच आहे!"

हेमाताईंच्या कडेवर बाळ होतं. त्यांनी ते सतरंजीवर ठेवलं आणि पिल्लांकडे कौतुकाने पाहिलं.

"मामा," राजनंदिनी पुढे झाली, "यांना परात वाजवून दाखव ना!"

"अगं, जरूर!" मामा खूश झाला.

परात वाजली. लाल फितीचं पिल्लू गुरगुरत धावलं. "बघितलंत?" म्हणत मामा वाकला.

"थांब मामा! उचलू नकोस. परात तिथेच ठेव. दहा मिनिटं थांबायचं."

"दहा मिनिटं कशाला? पाहुण्यांना काय वेळच वेळ आहे?"

"थांब," बाजेवरून आजोबा म्हणाले. मामा थांबला.

आधी एक पिल्लू परत आलं. त्याने परात हुंगली, चाटली, शेवटी तीत जाऊन बसलं. मग दुसरं, तिसरं. चौथं जरा लांबूनच आलं, पण आलं. लाल फितीचं मात्र पाण्याच्या ड्रममागे शिरलं होतं. त्याने तिथेच मुतलं. ते बाहेर येईना.

सगळे परातीतल्या पिल्लाकडे बघत होते. एकटी सृष्टी ड्रमकडे बघत होती. म्हणून तिलाच दिसलं, बाळ सतरंजी सोडून रांगत थेट ड्रमपाशी पोचलं होतं! त्याने मागे हात घातला.

सृष्टीने झेप घेतली. तिने बाळाला ओढलं, त्याच क्षणी पिल्लाचे दात तिच्या बाहीत घुसले. ती किंचाळली नाही. बाळाला छातीशी धरून ती खाली बसली.

हेमाताईंनी बाळ हिसकावून घेतलं. त्याचे हात, बोटं, गाल, सगळं चाचपलं. बाळ धड होतं.

मामाने सृष्टीची बाही वर केली. कापडाला चार भोकं पडली होती, दंडावर लाल ठिपके होते.

"दुधाचे दात आहेत," तो पुटपुटला.

"मोठे होतील ना मग," सृष्टी म्हणाली.

मामाने स्वतःची बाही वर केली. मनगटावर जुना, वेडावाकडा व्रण होता.

"सुलतान. दोनदा चावला मला. मी कोणाला सांगितलं नाही. मला वाटलं, तेज आहे, असाच पाहिजे. लोकही असाच मागतात." तो सृष्टीसमोर उकिडवा बसला. "बादलला तू छेडलं नव्हतंस. हे मी आजच तुझ्या बाबांना सांगतो. सोसायटीच्या बैठकीतही सांगतो. आधी डॉक्टरकडे जाऊ."

हेमाताईंच्या आवाजाला धार आली. "घरात कोकरू म्हणाला होतात तुम्ही. आम्ही आमच्या बाळाच्या पाळण्याशेजारी ठेवणार होतो ते कोकरू." मग त्यांनी सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

"शाब्बास गं पोरी!" गेनबा आजोबा बाजेवरून उठले. "आन् तुमी दोगंबी! मोठी मान्सं नुसती वाजवीत बसली. तुमी थांबून बघितलंत."

"सुलतानला मारून टाकणार का?" अर्णवने घाबरतच विचारलं.

"त्याचा काय गुन्हा?" आजोबा म्हणाले. "भ्यालेला जन्मला. त्याची पैदास केली, गुन्हा त्यो हाय. ह्यो आन् ह्ये लाल फितीचं, हितंच ऱ्हातील, कडीकोयंड्यात. फुडं एक पिल्लू न्हाई."

मामाने मान डोलावली. राजनंदिनीच्या मनात मात्र दुसराच आकडा फिरत होता.

"मामा, बादलच्या वेळची पिल्लं किती होती?"

"सहा."

"बाकीची पाच कुठे आहेत?"

सृष्टीचा दंड साबणाने धुताधुता मामाने फोन स्पीकरवर टाकून राजनंदिनीकडे दिला. ती पिल्लं नेलेल्यांपैकी पहिल्याचा नंबर बंद होता. दुसऱ्याने "आमचा एकदम चांगलाय" म्हणून फोन ठेवून दिला. तिसरा बिबवेवाडीचा होता. एका बाईने उचलला. मागे कुत्रा भुंकत होता आणि कोणीतरी लहान मूल खिदळत होतं.

"काकू," राजनंदिनी म्हणाली, "कुत्रा आणि बाळ एकाच खोलीत आहेत का?"

"हो, का गं? कोण बोलतंय?"

"आधी बाळाला उचला. दुसऱ्या खोलीत जा आणि दार लावून घ्या. मग सगळं सांगते."

पलीकडे घाईची पावलं वाजली. खिदळणं थांबलं. मग कडी लागल्याचा आवाज आला.

"लावलं," बाई म्हणाली. "आता सांग."