टाच टेकवून चाला

सोनवडीच्या मंडईत पिशवी विसरून गेलेलं खपायचं, पण चाल धड लागायची. दारातला चालपारखी खांब येणाऱ्याजाणाऱ्याची पावलं वाचायचा. पटलं तर हिरवा व्हायचा, संशय आला तर लाल होऊन चौकीत वर्दी द्यायचा. चोराची चाल कशी असते, हे त्याला पोलिसांच्या जुन्या चित्रफितींवरून शिकवलं होतं. त्या चित्रफितींत जो तो पारधी वस्तीतला, कारण गावात काही हरवलं की आधी तिथलीच माणसं उचलायची रीत. खांब हुशार निघाला, त्यानं रीत बरोबर उचलली.

त्याच वस्तीतला चिमाजी काळे लहानपणी बापामागून तितरं धरायला जायचा. चवडा आधी, टाच वर, पाचोळासुद्धा वाजू द्यायचा नाही. त्या चालीपायी सराफाकडच्या चोरीत त्याला दोन वर्षं तुरुंगवास घडला. चोर सोडून संन्याशाला सुळी. पुढे खरा चोर सापडला. तो सराफाचाच जावई निघाला, करकर वाजणारे बूट घालणारा. कोर्टानं चिमाजीला निर्दोष सोडलं. खांबाला मात्र कुणी कळवलं नाही.

त्याची बायको रंगी मंडईत सीताफळं विकायची. तो तुरुंगात असताना ती टाच आपटत चालायला शिकली होती. आता त्याची शिकवणी सुरू झाली.

"आपटा की जरा. जेवला न्हाई का?"

चिमाजी आपटायचा तेव्हा फळीवरची भांडी खाली यायची. शेजारच्या म्हातारीला वाटलं, नवराबायकोची जुंपली. ती सोडवायला म्हणून आली आणि बराच वेळ बसून मजा बघत राहिली.

एकदा वैतागून चिमाजी खाली बसला. "निर्दोष मी, आन् चाल बी मीच बदलायची?"

"कोर्टानं सोडलंय, खांबानं न्हाई."

"तू अशी धपाधप आलीस की वाटतं, घरात कोन परकी बाई शिरली."

रंगी भडकली. "आन् तुमचं पाऊल मला ऐकूच येत न्हाई. झोपंतनं उठून चाचपते, हायेत का परत नेलं. लई दिवस रिकामी जागा चाचपलीय मी."

 चिमाजी उठून माठापर्यंत टाच आपटत गेला आणि आपटतच परत आला. आपण आत होतो तेव्हा ही बाहेर राहून तेच भोगत होती, हे त्याला आज कळलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं मंडईत गेली. रंगी हिरव्या दिव्यात आत शिरली. मागून चिमाजी वरातीच्या घोड्यासारखी पावलं टाकत निघाला. सगळं ठीक चाललं होतं. तेवढ्यात खांबाशेजारी हवालदार जगताप दिसले आणि भीतीनं त्याची टाच आपसूक वर गेली. खांब लाल झाला.

"चल रे," म्हणत जगतापांनी त्याचं मनगट धरलं.

रंगीनं पाटी खाली ठेवली, चपला काढल्या. दाराबाहेर गेली आणि चवड्यांवर, मांजरीला कळणार नाही अशी, नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. खांब पुन्हा लाल झाला.

"बाई, तुम्ही तर रोज पास होता. आज काय झालं?"

"आज माझ्या चालीनं चालले, सायेब. न्यायचं तर दोघांना न्या. निस्ती चोरी कुठली झाली तेवढं सांगा."

जगतापांनी मंडईवर नजर फिरवली. कांदे कांद्यांच्या जागी होते, सीताफळं पाटीत. कुणाचं काही गेलं नव्हतं. त्यांनी मनगट सोडलं नाही, पण पकड सैल झाली, आणि ते खांबाकडे बघू लागले. त्याला चोर ओळखायला शिकवलं होतं. चोरी झाली आहे का, हे आधी विचारायला त्याला कोण शिकवणार होतं?